जुना कॉम्प्युटर, नवी डिस्क आणि मृगाचा पाऊस

आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी एक म्हातारा कॉम्प्युटर असतो. माळ्यावर, पलंगाखाली नाहीतर कपाटामागे, जुन्या चादरीत गुंडाळलेला. १९९५ ते २००५ च्या दरम्यान वडिलांनी, काकांनी किंवा मामांनी तो हौसेने हप्त्यावर घेतलेला असतो. पांढरा रंग आता पिवळा पडलेला, मॉनिटर टीव्हीएवढा जड. दरवर्षी दिवाळीच्या साफसफाईत त्याचा विषय निघतो. "भंगारात देऊन टाका" असं एक जण म्हणतो, "राहू द्या, कामी येईल" असं दुसरा म्हणतो, आणि तो परत माळ्यावर जातो.

आपण इंजिनिअरिंगला आहोत म्हटल्यावर घरचे तो आपल्यासमोर आणून ठेवतात. "तू कॉम्प्युटरवालाच ना? मग करून दे सुरू." (तुम्ही सिव्हिलला असलात तरी काही फरक पडत नाही!) अशा मशीनमध्ये बहुतेक वेळा पहिल्यांदा मरते ती हार्ड डिस्क. ती कशी बदलायची हे या लेखात सांगणार आहे. पण खरा मुद्दा त्याच्याही पुढचा आहे. डिस्क बदलणं अर्ध्या दिवसाचं काम आहे. डिस्कवर जे मराठीत लिहिलेलं असतं ते वाचवणं हे वेगळंच काम आहे, आणि बरेच लोक तिथेच फसतात.

उदाहरण म्हणून माझ्या मामाचं मशीन घेतो. मामा मेहकर तालुक्यात राहतात. १९९७ साली घेतलेला पेंटियम, विंडोज ९५, आणि १.२ जीबीची हार्ड डिस्क. मामा त्यावर लग्नपत्रिका आणि ग्रामपंचायतीचे अर्ज टाईप करायचे. पण त्यात आणखी एक गोष्ट होती. माझे आजोबा शाळामास्तर. १९७२ च्या दुष्काळापासून त्यांनी गावच्या पावसाची वही ठेवली होती. कोणत्या नक्षत्रात किती पाऊस पडला, पेरणी कोणत्या दिवशी झाली, विहिरीत किती परस पाणी होतं, असं सगळं २५ वर्षांचं. १९९८ मध्ये मामांनी ते टाईप करून ठेवलं. पुढे वह्यांना वाळवी लागली. म्हणजे उरली ती फक्त ती डिस्क. "बापू, हा डब्बा भंगारात देजो नको. आबाचा पाऊस आहे याच्यात," असं मामा म्हणायचे ते याचसाठी.

डिस्कच्या पोटात काय असतं?

हार्ड डिस्कमध्ये अॅल्युमिनियमच्या किंवा काचेच्या गुळगुळीत तबकड्या असतात आणि त्यांच्यावर चुंबकीय थर असतो. त्या काळच्या घरगुती डिस्क मिनिटाला साधारण ४५०० ते ५४०० फेरे घ्यायच्या. तबकडीवरून वाचणारं 'हेड' तिला टेकत नाही. फिरण्यामुळे तयार झालेल्या हवेच्या पातळ थरावर ते तरंगतं. हे अंतर माणसाच्या केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाच्या आसपास असतं. आता विचार करा, धुळीचा एक कण त्याच्यासमोर केवढा मोठा दगड झाला!

पहिली हार्ड डिस्क आयबीएमने १९५६ साली आणली. २४ इंचांच्या ५० तबकड्या, आणि सगळ्या मिळून जेमतेम ५ एमबी. आज मोबाईलचा एक फोटोसुद्धा त्यात मुश्किलीने बसेल. १९८० मध्ये सीगेटने तेवढीच क्षमता सव्वापाच इंचांच्या डब्यात बसवली, आणि १९८३ च्या आयबीएम पीसी एक्सटीमध्ये १० एमबीची डिस्क आली.

१९८६ च्या सुमारास आलेली 'आयडीई' पद्धत आपल्या कामाची आहे. तोपर्यंत डिस्क चालवणारं सर्किट वेगळ्या कार्डावर असायचं. आयडीईमध्ये ते डिस्कच्याच पाठीवर आलं. याचा फायदा काय? कॉम्प्युटरला तबकड्या, हेड, मोटर यातलं काहीच दिसत नाही. तो फक्त "अमुक नंबरचा सेक्टर दे" असं म्हणतो आणि त्याला ५१२ बाइट मिळतात. आत तबकडी आहे की आणखी काही, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. मेसमध्ये खिडकीतून ताट सरकवलं की आत पोळी कोण लाटतंय ते आपण विचारतो का? तसंच. म्हणूनच तबकडीची डिस्क काढून तिच्या जागी मेमरी कार्ड बसवलं तरी १९९७ चा कॉम्प्युटर बिनतक्रार चालतो.

आपल्याकडे डिस्क लवकर का जातात?

बुलढाणा शहर डोंगरावर, तिथे जरा बरं. पण खाली मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव या पट्ट्यात मे महिन्यात पारा ४२-४५ ला जातो. बंद कॅबिनेटमध्ये त्यात आणखी भर. उष्णतेने मोटरच्या बेअरिंगमधलं वंगण सुकतं. जिनिंग आणि शेतीची धूळ पंख्यातून आत येऊन बसते. डिस्क जवळजवळ बंद असते, पण हवेचा दाब सारखा राहावा म्हणून तिला एक बारीक गाळणीचं छिद्र असतं. धुळीचा मुख्य त्रास मात्र बाहेरून होतो. पंखा अडतो आणि डिस्क तापते.

दुसरं कारण लोडशेडिंग. २००५ नंतरच्या काही वर्षांत गावात तासन्‌तास लाईट नसायची हे घरच्या मोठ्यांना विचारा. आयडीई डिस्क लाईट गेली की आपलं हेड आपोआप सुरक्षित जागी नेते, त्यामुळे तबकडी ओरखडत नाही. पण त्या क्षणी फाईल लिहिणं चालू असेल तर काम अर्धवट राहतं. कोणती फाईल कुठल्या सेक्टरमध्ये आहे याची यादी 'फॅट' नावाच्या तक्त्यात असते. तो तक्ता अर्धा जुना, अर्धा नवा झाला की फाईल असूनही सापडत नाही.

तिसरं कारण म्हणजे नुसतं पडून राहणं. दहा-पंधरा वर्षं बंद असलेल्या डिस्कचं हेड कधी कधी तबकडीला चिकटतं आणि मोटर फिरतच नाही.

उघडण्याआधी

सगळ्यात महत्त्वाचा नियम असा की जुना कॉम्प्युटर आणला आणि लगेच बटण दाबलं, असं करायचं नाही.

त्या काळच्या 'एटी' कॅबिनेटमध्ये पुढच्या बटणापर्यंत थेट २३० व्होल्टची वायर आलेली असते. आजच्या मशीनसारखं ते कमी व्होल्टचं बटण नसतं. म्हणून आधी प्लग भिंतीतून काढायचा आणि मगच पत्रा उघडायचा. पॉवर सप्लाय मदरबोर्डपासून सोडवून, एखादी निकामी डिस्क भार म्हणून लावून मल्टिमीटरने तपासावा. ५ व्होल्टची लाल वायर ४.७५ ते ५.२५ च्या आत हवी. पिवळीवर १२ व्होल्ट. परत जोडताना एटी सप्लायचे दोन कनेक्टर शेजारी-शेजारी बसतात. त्यात काळ्या वायरी मध्ये, एकमेकींना लागून आल्या पाहिजेत. उलटे बसले तर मदरबोर्डला रामराम!

मग बॅटरी बघा. काही बोर्डांवर नाण्यासारखी सीआर २०३२ असते, ती बदलणं सोपं. त्याहून जुन्या बोर्डांवर छोट्या पिंपासारखी निळी किंवा हिरवी बॅटरी सोल्डर केलेली असते. ती गळते आणि आजूबाजूचं तांबं खाऊन टाकते. हिरवट-पांढरा थर दिसला तर ती आधी काढा आणि जागा व्हिनेगरने, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्या.

शेवटी, डिस्कवरच्या स्टिकरचा मोबाईलने फोटो काढा. त्यावर सिलिंडर, हेड आणि सेक्टर यांचे आकडे छापलेले असतात. बॅटरी संपली की बायॉस हे आकडे विसरतो, मग फोटोच कामी येतो.

आधी नक्कल, मग बाकी सगळं

जुनी डिस्क चालू होत असेल तर तिचं आयुष्य मोजकंच उरलंय असं समजा. तिच्यावर विंडोज सुरू करून एकेक फाईल शोधत बसू नका. विंडोज सुरू होताना डिस्कवर लिहितंसुद्धा. आपल्याला फक्त वाचायचं आहे.

डिस्क बाहेर काढून यूएसबी-आयडीई अॅडाप्टरला लावायची. साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्ट लागतात, म्हणून अॅडाप्टरसोबत वेगळा पॉवर सप्लाय हवाच. मग लिनक्सवर 'डीडीरेस्क्यू' हा मोफत प्रोग्राम वापरून पूर्ण डिस्कची सेक्टर-टू-सेक्टर नक्कल एका फाईलमध्ये घ्यायची. साध्या कॉपीत आणि यात फरक आहे. साधी कॉपी खराब सेक्टर आला की तिथेच अडून बसते. डीडीरेस्क्यू आधी चांगला भाग पटापट वाचून घेतो, खराब जागांची नोंद एका छोट्या फाईलीत ठेवतो आणि शेवटी त्यांच्याकडे परत वळतो. पेपरमध्ये येणारे प्रश्न आधी सोडवायचे आणि अडलेले शेवटी, हा आपला नेहमीचा फॉर्म्युला!

मामाची डिस्क फिरली. पहिल्या फेरीत जवळपास सगळी वाचली गेली. अडलेले सेक्टर मिळवायला रात्रभर लागलं आणि शेवटी ३८ सेक्टर राहिले. ३८ गुणिले ५१२ म्हणजे १९,४५६ बाइट. १.२ जीबीपैकी १९ केबी गेले. आणि ते पावसाच्या फाईलमधले नव्हते.

दोन-तीन सूचना. डिस्क 'टक-टक-टक' असा एकसारखा आवाज करत असेल तर लगेच बंद करा. हेडच खराब झालेलं असू शकतं, आणि प्रत्येक मिनिटाला तबकडी आणखी खरडते. डेटा फार मोलाचा असेल तर तिथून पुढे व्यावसायिक डेटा रिकव्हरीवाल्याचं काम. डिस्कचं झाकण होस्टेलच्या खोलीत उघडायचं नाही, यूट्यूबवर काहीही दाखवलं तरी. आणि १९९३-९४ च्या आधीच्या काही डिस्क यूएसबी अॅडाप्टरला ओळखूच देत नाहीत. त्यांना आयडीई पोर्ट असलेला मधल्या काळातला मदरबोर्ड लागतो.

आणखी एक गंमत. बायॉसला मोठी डिस्क झेपत नसेल तर त्या काळी डिस्कवर 'डिस्क मॅनेजर'सारखा एक मधला प्रोग्राम टाकून देत. अशी डिस्क दुसऱ्या मशीनला लावली की रिकामी किंवा बिघडलेली वाटते. "फॉरमॅट करायचं का?" असं कॉम्प्युटर विचारतो. उत्तर 'नाही'! पार्टिशन थोड्या पुढच्या सेक्टरपासून सुरू झालेलं असतं, इतकंच.

जुनीच्या जागी काय बसवायचं?

तसंच जुनं आयडीई डिस्क भंगार बाजारात मिळतं, पण तेही त्याच वयाचं. म्हाताऱ्याच्या जागी म्हातारा! त्यापेक्षा हे तीन पर्याय बरे.

पहिला, कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड. १९९४ मध्ये सॅनडिस्कने आणलेलं हे कार्ड जुन्या मोठ्या कॅमेऱ्यांत वापरत. याची खासियत म्हणजे 'ट्रू आयडीई मोड'. हे कार्ड आयडीईची भाषा मुळातच बोलतं. त्यामुळे अॅडाप्टरमध्ये कुठलीही हुशार चिप लागत नाही, फक्त पिना जुळवायच्या. जुन्या मशीनसाठी हा सगळ्यात साधा उपाय. दुसरा, एसडी कार्डचा अॅडाप्टर. कार्ड कुठेही मिळतं, पण मध्ये भाषांतर करणारी चिप असते आणि काही बायॉसशी तिचं पटत नाही. तिसरा, साटा एसएसडी आणि साटा-आयडीई ब्रिज. २००० नंतरच्या मशीनला हा चांगला. त्याआधीच्या मशीनला एवढ्या मोठ्या डिस्कचा आकारच पचत नाही.

पचत नाही म्हणजे काय, तेही बघू. हा प्रश्न व्हायवामध्येसुद्धा येऊ शकतो.

बायॉसच्या भिंती

जुन्या बायॉसमध्ये सिलिंडर सांगायला १० बिट म्हणजे १०२४ पर्यंतची सोय होती आणि सेक्टर ६३. आयडीईमध्ये हेडसाठी फक्त १६ ची. दोघांना चालेल तेवढंच वापरता येतं: १०२४ × १६ × ६३ × ५१२ = ५२,८४,८२,३०४ बाइट. म्हणजे सुमारे ५२८ एमबी, ही पहिली भिंत. मग बायॉसने हेडचा आकडा २५६ पर्यंत भासवण्याची युक्ती काढली आणि ८.४ जीबीपर्यंत मजल गेली. मधल्या काही बायॉसना २.१ जीबीवरच ठेच लागली. पुढे काही ३३.८ जीबीला अडले, आणि २८ बिटांचा सेक्टर नंबर संपला तेव्हा १३७ जीबीला सगळेच.

याच्यावर ऑपरेटिंग सिस्टिमची वेगळी भिंत. डॉस आणि सुरुवातीचं विंडोज ९५ 'फॅट १६' वापरतं, त्यात एक पार्टिशन २ जीबीच्या पुढे जात नाही. फॅट ३२ आलं ते १९९६ च्या विंडोज ९५ च्या नंतरच्या आवृत्तीत.

तात्पर्य, इथे मोठं घेण्यात फायदा नाही. मर्यादेपेक्षा मोठं कार्ड लावलं तर काही मशीन सुरू होतानाच अडकून बसतात. मामाच्या मशीनला ४ जीबीचं कार्ड बसवलं आणि त्याचे दोन भाग केले. जुन्या डिस्कच्या तिपटीहून जास्त जागा!

प्रत्यक्ष बसवणं

अॅडाप्टरवर 'मास्टर' जंपर लावायचा. ४० पिनांच्या रिबन केबलची लाल कड म्हणजे पिन नंबर १, ती बोर्डावरच्या १ या आकड्याकडे. पॉवर द्यायची आणि बायॉसमध्ये जाऊन 'ऑटो डिटेक्ट' करायचं. कार्ड दिसलं, 'एलबीए' मोड निवडला की सेव्ह.

आता विंडोज ९५ च्या स्टार्टअप फ्लॉपीने मशीन सुरू करायचं. (सोनीने २०११ मध्ये फ्लॉपी बनवणं बंद केलं, त्यामुळे घरातली चांगली फ्लॉपी जपून ठेवा.) एफडिस्कने पार्टिशन करून पहिलं 'अॅक्टिव्ह' करायचं, रीस्टार्ट, मग सिस्टिम फाईलींसह फॉरमॅट.

इथे कोणी विचारेल की नक्कल काढलेलीच आहे, ती जशीच्या तशी कार्डावर ओतली तर? बऱ्याचदा सुरू होत नाही. जुन्या डिस्कच्या बूट सेक्टरमध्ये तिचे स्वतःचे हेड-सेक्टरचे आकडे लिहिलेले असतात आणि नवं कार्ड बायॉसला वेगळे आकडे सांगतं. दोघांचं जमलं नाही की स्क्रीन काळी. म्हणून कार्डावर नवीन फॉरमॅट करायचं आणि फाईली नंतर भरायच्या.

त्या भरतानाही डॉसची साधी कॉपी वापरायची नाही. ती लांब नावं कापते आणि 'पाऊस १९७२ ते १९९६' सारखं नाव आठ अक्षरांचं होऊन जातं. कार्ड रीडरमधून कार्ड लिनक्सला लावा, नक्कलीची फाईल 'फक्त वाचण्यासाठी' उघडा आणि सगळं तिथून कॉपी करा. शेवटी फ्लॉपीवरून 'सिस' कमांड एकदा परत द्या. कार्ड बसवून बटण दाबलं की ढगांचं चित्र येतं आणि विंडोज ९५ सुरू! तबकडीचा घरघराट नाही, त्यामुळे मामांना आधी वाटलं की चालूच झालं नाही.

मराठी असते कुठे?

पावसाची फाईल मी माझ्या लॅपटॉपवर उघडली तेव्हा आकडे दिसले. पावसाचे मिलिमीटर, तारखा, सगळं नीट. पण रकान्यांच्या वर नक्षत्रांच्या जागी इंग्रजी कचरा. 'मघा'च्या पोटात चक्क प्रश्नचिन्ह, आणि 'चित्रा'मध्ये बरोबरचं चिन्ह! आकडे आहेत, पण कोणता पाऊस कोणत्या नक्षत्राचा ते कळत नाही. डिस्क वाचली, सेक्टर वाचले, आणि मजकूर मात्र वाचता येत नाही.

कारण असं. डिस्कवर मराठी नसतेच. डिस्कवर फक्त आकडे असतात. ६५ म्हणजे इंग्रजी 'ए', एवढं सगळ्या जगाने मान्य केलंय. मराठीसाठी तसं सगळ्यांनी पाळलेलं काही नव्हतं. प्रयत्न झाले होते. पुण्याच्या सी-डॅकने 'जिस्ट' तंत्रावर कार्ड आणि सॉफ्टवेअर आणलं. या सी-डॅकचे संस्थापक संचालक डॉ. विजय भटकर आपल्या शेजारच्या अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे, आणि तिथेच १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला. त्याच १९९१ साली भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हे राष्ट्रीय मानकही ठरलं. पण डीटीपीच्या दुकानांत चालले ते साधे फॉन्ट, आणि प्रत्येकाची मांडणी वेगळी. त्यांनी इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी अक्षराचं चित्र बसवलं, बस्स.

मामा कृतिदेव वापरायचे. त्यात 'डी'च्या जागी 'क' आहे, 'ई'च्या जागी 'म', 'वाय'च्या जागी 'ल'. म्हणजे 'कमल' लिहिलं की डिस्कवर जातं डी-ई-वाय. 'हस्त' म्हणजे जी-एल-आर. फॉन्ट असेल तर मराठी, नसेल तर कचरा. मराठी डिस्कमध्ये नव्हती, ती फॉन्टच्या फाईलमध्ये होती.

म्हणून डिस्कवरची विंडोजच्या फोल्डरमधली 'फॉन्ट्स' ही जागा पहिल्यांदा वाचवा. मामाच्या नक्कलीतून कृतिदेवची फाईल काढून लॅपटॉपमध्ये टाकली, लिबरऑफिसमध्ये जुनी वर्डची फाईल उघडली, फॉन्ट लावला आणि वरच्या ओळीत मृग, आर्द्रा, पुनर्वसू अशी नावं रांगेत उभी राहिली. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, मला काही ती क्रमाने येत नव्हती. आजीने फोनवर मृगापासून स्वातीपर्यंत एका दमात म्हणून दाखवली, तेव्हा रकाने बरोबर असल्याची खात्री झाली.

पण इथे थांबायचं नाही. आज फॉन्ट आहे, उद्या हरवेल. आधी फॉन्ट आत बसवलेली पीडीएफ करा. त्यात दिसणं जसंच्या तसं राहतं, पण शोधता येत नाही. मग युनिकोडमध्ये रूपांतर करा. देवनागरी युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे आणि विंडोज २००० पासून मंगल फॉन्टसह घरच्या कॉम्प्युटरवर आली. रूपांतर करणारे प्रोग्राम मोफत मिळतात, पण डोळे मिटून विश्वास ठेवू नका. दोन जागी गडबड होते. एक, पहिली वेलांटी. कृतिदेव कागदावर दिसेल त्या क्रमाने साठवतो, म्हणून 'चित्रा'मध्ये आधी वेलांटी, मग 'च'. युनिकोड उच्चाराच्या क्रमाने साठवतो, आधी 'च' आणि मग वेलांटी. दोन, रफार. 'पूर्वा'मधला रफार कृतिदेवमध्ये शब्दाच्या अगदी शेवटी असतो, युनिकोडमध्ये तो 'व'च्या आधी आला पाहिजे. रूपांतरानंतर एकाने मूळ वाचायचं आणि दुसऱ्याने ताडायचं. आम्ही २५ वर्षांचा पाऊस दोन संध्याकाळी ताडून घेतला.

ज्यांच्या घरी श्रीलिपी किंवा आयएसएम होतं, त्यांनी आणखी एक पाहावं. अशा सॉफ्टवेअरला बऱ्याचदा प्रिंटरच्या पोर्टला लावायचं एक छोटं हार्डवेअर लॉक लागायचं. ते बोटाएवढं प्लास्टिक कचरा समजून फेकू नका. त्याच्याशिवाय सॉफ्टवेअर उघडणार नाही, नवी डिस्क कितीही चांगली असली तरी.

जाता जाता

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलात की माळ्यावर बघा. गावागावात डीटीपी करणाऱ्यांच्या, पतसंस्थेत काम केलेल्यांच्या, हौसेने लिहिणाऱ्यांच्या जुन्या मशीनमध्ये कीर्तनं, गावाचा इतिहास, वंशावळी, हिशेब, कविता असं बरंच काही पडून आहे. ते दुसरीकडे कुठेच नसण्याची शक्यता जास्त. क्रम लक्षात ठेवा: आधी नक्कल, मग फॉन्ट, मग पीडीएफ आणि युनिकोड, आणि सगळ्यात शेवटी नवी डिस्क. उलटा क्रम केला तर मशीन चालेल, पण त्यात वाचण्यासारखं काही नसेल.

नक्कल एकाच जागी ठेवू नका. एक पेनड्राइव्हवर, एक नातेवाइकाकडे. आणि जुनी डिस्क द्यायचीच असेल तर ई-कचऱ्याच्या नोंदणीकृत केंद्राकडे द्या. १ एप्रिल २०२३ पासून त्याचे नवे नियम लागू आहेत.

मामाच्या वहीची युनिकोड प्रत आता गावच्या शाळेतही आहे. तिथली पोरं जुन्या मृगाचा पाऊस नव्या मृगाशी जोडून बघतात. यूएसबी-आयडीई अॅडाप्टर माझ्याकडे होस्टेलवर आहे. कोणाला लागलं तर खुशाल घेऊन जा, फक्त सबमिशनच्या आठवड्यात मागू नका!